दुर्बिणीचं टोपण

चिखली,
१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

प्रिय कोंडीराम,

जय भीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी पोस्टातून पाकीट आणलं. खिडकीतल्या माणसाला वाटलं मी नोकरीचा अर्ज करतोय. म्हटलं, नाही राव, दोस्ताला पत्र लिहायचंय. तो हसला. हसू दे. तुझा नंबर लावला की पूर्ण रिंग वाजते आणि मग ती बाई सांगते, ग्राहक उत्तर देत नाहीत. तुम्ही उदगीरला गेल्यापासून दीड वर्षात त्या बाईशी माझी चांगली ओळख झाली आहे.

इकडचं सांगतो. कंपनीची बस अजून साडेपाचलाच येते आणि चाकणच्या चौकात तशीच अडकून पडते. तुझ्या क्रेनवर आता बीडकडचे एक गृहस्थ बसतात. बोजा उचलताना असा हिसका देतात की खाली उभे असलेले सगळे आपापल्या देवाचं नाव घ्यायला लागतात. वेल्डिंग शॉपमध्ये दोन रोबो आले. माझ्यावर अजून वेळ आलेली नाही, कारण कोपऱ्यातले सांधे त्यांना जमत नाहीत. जमेपर्यंत आपली भाकरी चालू.

आपली सहा इंची दुर्बीण गच्चीवर ताडपत्रीखाली आहे. आरसा मी काढून कपाटात ठेवलाय, पांढऱ्या कापडात. ती मी पुन्हा लावली नाही. शाळांना दाखवायला छोटी तीन इंची नेतो. जानेवारीत संध्याकाळी शुक्र, शनी, गुरू, मंगळ सगळे एकदम दिसत होते, तेव्हा एका शाळेत दोनशे पोरांची रांग लागली होती. ‘दुर्बीणवाले शिकलगार’ म्हणून आता बाहेरच्या शाळांतूनही फोन येतात. तुझं नाव मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. आरसा आम्ही दोघांनी घासला, एकट्याचं काम नाही, असं सांगतो.

तुझ्या डोळ्याचं काय म्हणतात? आमच्या घरी शमीमला कस्तुरावहिनींनी फोनवर सांगितलं की मधोमधचा काळा डाग तसाच आहे. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. लातूरच्या डॉक्टरला दाखवलंस का?

आणि एक. तू पोटच्या पोरीशी, मिनलशी नीट बोलत नाहीस, असं कळलं. तिच्या हातचं पाणी घेतोस पण तिचं नाव घेत नाहीस म्हणे. हे बरं नाही. सूर्य बघताना दुर्बिणीच्या तोंडावर काळ्या फिल्मचं टोपण बसवायचं काम तिचं होतं, हे खरं. पण तेरा वर्षांची पोर ती. टेप नीट लागली नसेल, वारा सुटला, टोपण उडालं. तिनं काय मुद्दाम केलं? माफ कर तिला. मी तर कधीच केलं.

उत्तर पाठव. दोन ओळी पुरेत.

तुझा,
रहिमान


चिखली,
१६ मार्च २०२५

प्रिय कोंडीराम,

तुझं कार्ड परवा मिळालं. अक्षर तुझं नव्हतं. ‘बाबा म्हणतात, पत्र मिळालं. बाबा म्हणतात, क्रेनचा दोर बघून घ्यायला सांगा, डाव्या बाजूची एक तार आधीपासून निघालेली होती. बाबा ठीक आहेत.’ खाली सही मिनलची.

म्हणजे माझं पत्र तिनंच वाचलं. ‘माफ कर तिला’ हे तिनं स्वतःच्या तोंडानं तुला वाचून दाखवलं. मला हे सुचायला हवं होतं. डोळ्यामुळं तुला आता वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे, वहिनींना अक्षरओळख नाही हेही ठाऊक आहे, तरी मी आपला तुझ्या एकट्याच्या कानात बोलल्यासारखा लिहीत बसलो.

दोराचं सुपरवायझरला सांगितलं. त्यांनी शिडी लावून बघितलं, खरंच तार निघाली होती. तुला दिसत नाही आणि त्यांना दिसत असून दिसत नाही, असं मी सगळ्यांसमोर बोललो. मेमो मिळेल बहुतेक.

मिनल, बेटा, तू कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात विचारलंस, ‘काका, तुम्ही जवळ होता. टेप कुठल्या बाजूची सुटली होती?’ बाबांना हे वाचून दाखवलं नसशील. त्या दिवशी गच्चीवर तीस-पस्तीस माणसं होती, मी रांग आवरत होतो. नीट लक्ष नव्हतं. बहुतेक रस्त्याकडची. वारा तिकडूनच येत होता. आता या गोष्टीचा विचार करू नकोस. दहावीचे पेपर संपत आले असतील, निकालाची वाट बघ.

कोंडीराम, काल कपाटातून आरसा काढून बघितला. लॉकडाऊनमध्ये तेलाच्या पिंपावर काच ठेवून त्याच्याभोवती आपण अडीच महिने गोल-गोल फिरलो, आठवतं? तू म्हणायचास, ‘घाण्याचा बैल झालाय रे माझा.’ मी म्हणायचो, आम्ही शिकलगार, आमच्या पणज्यानं तलवारी घासल्या, मी काच घासतो. घासायची पावडर कधी संपली, कधी काच कडेला टवकली. मग पहिल्यांदा दुर्बीण चंद्रावर रोखली तेव्हा तू म्हणालास, ‘ह्ये आपल्या हातानं झालंय व्हय?’ मी आयुष्यात हजारो सांधे मारले, कुणी असं विचारलं नाही.

शमीम सलाम सांगते. पत्र पाकिटात घालण्याआधी तिनं वाचलं. ‘रस्त्याकडची’ या शब्दावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिली. मी पाकीट चिकटवलं.

तुझा,
रहिमान


चिखली,
२० एप्रिल २०२५

कोंडीराम,

महिना झाला, उत्तर नाही. पार्सलही परत आलं. त्यात छोटी दुर्बीण होती, मिनलसाठी. तिपाई मी नवीन करून दिली होती. पोस्टवाल्यानं शेरा मारलाय, ‘घेण्यास नकार’. नकार तुझा की तिचा?

रागावलो आहे, लपवत नाही. माणसानं किती वेळा हात पुढं करायचा? तुझी नोकरी गेली तेव्हा युनियनच्या ऑफिसात मी तुझ्यासाठी भांडलो. गेटवर बसवा त्याला म्हटलं, तर त्यांनी सहा महिने बसवलं आणि मग मेडिकल केलं. त्या मेडिकलला तू नापास झालास यात माझा काय दोष? उलट वीस वर्षं तू त्यांच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून डाव्या डोळ्याची चाचणी पास होत होतास, हे मला माहीत होतं आणि मी एका शब्दानं कुणाला बोललो नाही. तुझा डावा डोळा लहानपणापासून कामाचा नव्हता, हे पिंपरी-चिंचवडमध्ये दोघांनाच ठाऊक होतं, तुला आणि मला.

हे लिहून झालं आणि मीच थांबलो. पुन्हा वाचलं. खोडत नाही.

दुसरं सांगतो. मी बराच विचार केला. त्या दिवशी मी दुर्बिणीजवळ वाकून नेम साधत होतो. कदाचित माझंही कोपर टोपणाला लागलं असेल. खात्रीनं सांगत नाही. पण तसं असू शकतं. तेव्हा सगळाच भार पोरीवर टाकू नये, एवढंच म्हणायचंय.

शमीमला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, ‘कोहनी का नाम मत लो.’ दोष माझ्या कोपरावर मी कशाला घालतोय, असं तिचं म्हणणं. उठून आत गेली. तुझा डोळा गेला त्या रात्रीपासून आज अडीच वर्षं ती माझ्या खिशातलं काही काढत नाही. पँट धुवायला टाकायची तर मीच खिसे रिकामे करून देतो. ही आमच्या घरातली गोष्ट आहे, तुला का लिहितोय कळत नाही.

रहिमान


चिखली,
१८ मे २०२५

कोंडीराम,

कस्तुरावहिनींचा शमीमला फोन आला. शमीमनं स्पीकर लावला आणि फोन माझ्यासमोर ठेवला. वहिनींना मी ऐकतोय हे माहीत नव्हतं.

मिनलला दहावीला एकोणनव्वद टक्के पडले. मी खुर्चीतून उठलोच. मग वहिनी म्हणाल्या, ‘पण सायन्सला जायचं न्हाई म्हणायली. म्हणती, प्रयोग करताना माझ्या हातानं कुणाचं काय झालं तर? गॅसचं बटण पाच-पाच बार बघायली. बाहीर पडली की परत माघारी येती, कडी लावली का न्हाई बघाया. राती उठून बघती. तिच्या बापाला तर दिसंना, त्यो निस्ता ऐकत पडतो.’ शमीमनं विचारलं, कधीपासून? वहिनी म्हणाल्या, व्हतं आधीपासूनच, पर मार्चापासून लई वाढलंय. तुमच्याकडनं पत्र आल्यापासून.

दुसऱ्या दिवशी मिनलचं कार्ड आलं. बाबांचा निरोप नव्हता. एवढंच होतं: ‘काका, रस्त्याकडची टेप मी दोनदा लावली होती, कारण पहिल्यांदा सुरकुती पडली होती. म्हणजे मी दोन्ही वेळा चुकले. कळवल्याबद्दल आभार.’

मी ते कार्ड कंपनीत नेलं. जेवणाच्या सुट्टीत वाचलं, मग दुपारी परत वाचलं. त्या दिवशी मी मारलेला एक सांधा इन्स्पेक्शनला नापास झाला. पंचवीस वर्षांत असं तीनदा झालं असेल.

कोंडीराम, मला तुला काही लिहायचं आहे. ते मिनलनं वाचू नये. शेजारच्या कुणाकडून तरी वाचून घे. ग्रामपंचायतीत कुणी असेल, शाळेतले सर असतील. तसं कुणी असेल तर कळव, मी त्यांच्या पत्त्यावर पाठवतो.

रहिमान


चिखली,
१ जून २०२५

प्रिय कोंडीराम, कस्तुरावहिनी आणि मिनल,

तुमचं कार्ड मिळालं. ‘बाबा म्हणतात, या घरात वाचणारी एकच आहे. जे लिहायचं ते लिहा.’

लिहितो. मिनल, तू हे मोठ्यानं वाचते आहेस असं धरून लिहितो. मध्ये थांबावंसं वाटेल. थांब, पाणी पी, पण पुढं वाच.

२५ ऑक्टोबर २०२२. दिवाळीची सुट्टी, सूर्यग्रहण संध्याकाळी, मावळायच्या आधी. मारुतरावांच्या गच्चीवर अर्धी गल्ली जमली होती. मारुतरावांना तुम्ही ओळखता, आपले घरमालक. त्यांनी खाली फळ्यावर लिहिलं होतं, ‘ग्रहण दर्शन, श्री. रहिमान शिकलगार यांच्या दुर्बिणीतून.’ मी तो फळा येता-जाता तीनदा वाचला. फक्त माझं नाव होतं आणि ते मला आवडलं होतं, हेही आज सांगून टाकतो.

कोंडीराम तेव्हा चाकणला होता. सुट्टीत क्रेनची दुरुस्ती काढतात, म्हणून त्याला ओव्हरटाइमला बोलावलं होतं.

टोपण मिनलनं बसवलं. त्यातली काळी फिल्म तिच्या शाळेच्या विजयश्री बाईंनी मागवून दिली होती. बाईंनी एक कागदही दिला होता आणि मिनलनं तो मला दोनदा वाचून दाखवला होता. ऊन अडवायचं ते दुर्बिणीच्या तोंडाशीच. डोळ्याच्या बाजूला काच लावायची नाही, कारण आरसा सगळं ऊन तिथंच गोळा करतो आणि काच तडकते. तिनं माझ्याकडून ते पाठ म्हणवून घेतलं. मी हसत म्हटलं आणि मनात म्हणालो, आता ही मला काच शिकवणार.

मी वेल्डर माणूस. अठराव्या वर्षापासून आर्कचा उजेड बघतोय, आणि आमची काच नेहमी डोळ्यापुढं असते, तोंडावरच्या टोपात. आगीवर कुणी काच लावत नाही. ज्याला बघायचं त्यानं आपल्या डोळ्यापुढं धरायची, ही आमची रीत. मी आठ दिवस आधीच कंपनीतली काळी वेल्डिंगची काच गोल कापून, घासून, आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, मागं बसेल अशी करून ठेवली होती. शर्टाच्या खिशात होती. मिनलला दाखवली नाही, कारण ती नको म्हणाली असती.

पाच वाजता सूर्य खाली आला. तुम्हाला आपल्याकडचा धूर माहीत आहे. फिल्ममधून फार फिकट दिसायला लागलं. मारुतराव वाकले आणि म्हणाले, ‘आरं रहिमान, हितं तर काय बी न्हाई. निस्ता काळा अंधार हाय.’ गल्लीतला प्रीतम म्हणाला, ‘दुर्बीण हाय का ड्रेनेजचा पाइप, भाऊ?’ सगळे हसले. चेष्टाच होती, रोजची. पण खाली फळ्यावर माझं नाव होतं.

मिनल दुर्बिणीला हात लावून उभी होती. मी तिला म्हटलं, ‘बेटा, लोकांसाठी चहा झाला असेल, जरा खालून घेऊन ये.’ चहा झालेला नव्हता. मी तिला खाली पाठवलं, कारण तिच्या समोर मला ते करता आलं नसतं.

ती जिन्यात गेली. लोक हसण्या-बोलण्यात होते, मी काय करतोय इकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी टोपण काढलं आणि कठड्याजवळ ठेवलं. आयपीसमागं माझी काच बसवली. आधी मी स्वतः बघितलं, तीन-चार सेकंद. हिरवा, झगझगीत, काठ कोरल्यासारखा, एका बाजूनं खाल्लेला. इतका स्वच्छ सूर्य मी आधी बघितला नव्हता. तेवढ्यात कोंडीराम डबा हातात घेऊन वर आला. पुढं मारुतराव होते, त्यांना मी म्हटलं, थांबा, पहिला मान याचा. मला त्याला दाखवायचं होतं. हे खरं आहे, विश्वास ठेवा अगर ठेवू नका.

तो वाकला. उजवा डोळा लावला. म्हणाला, ‘लई भारी, रहिमान. पार भाकर चावल्यावानी दिसायलंय.’ आणि टक असा आवाज झाला. मोहरी तडतडते तेवढाच. मला कळलं. मी त्याला ओढायला हवं होतं, पण मी दुर्बिणीकडं बघत राहिलो. तो दोन सेकंद तसाच होता. मग स्वतःच मागं झाला आणि खाली बसला, डोळ्यावर हात धरून. म्हणाला, ‘काय तरी फुटलं.’

तो बसला तेव्हा सगळे त्याच्याकडं धावले. मी काच काढली. दोन तुकडे झाले होते, तापलेले. ते पँटच्या खिशात टाकले. मांडीवर भाजल्याचा डाग अजून आहे. शमीमनं त्याच रात्री तुकडे बघितले.

मिनल चहाची किटली घेऊन वर आली. तिनं आधी बापाला बघितलं आणि मग कठड्याजवळचं टोपण. मला तिचा चेहरा दिसला. तिला काय वाटलं तेही कळलं. तेव्हा बोलायला माझ्याकडं वेळ होता. मी रिक्षा बोलवायला गेलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, फिल्टर होता का? मी म्हटलं, होता, पुढं टोपण होतं, वाऱ्यानं उडालं असणार. वहिनी, तुम्ही त्या वेळी मिनलकडं बघितलंत. ती तुमच्या मागं भिंतीला टेकून उभी होती. मी जमिनीकडं बघितलं. त्या दिवशी वारा नव्हता. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर जागच्या जागी साचलेला होता.

कोंडीराम, मला माहीत होतं की तुझा तो एकच डोळा आहे. इतर कुणालाही बघायला लावलं असतं तर निदान दुसरा उरला असता.

बोललो का नाही, याचं चांगलं कारण माझ्याकडं नाही. पहिल्या दिवशी पोलिसांची भीती. मग नोकरीची, कारण काच कंपनीची होती. मग शाळा बोलवायला लागल्या, ‘दुर्बीणवाले’ म्हणायला लागल्या. त्यानंतर कारणसुद्धा उरलं नाही, सवयच झाली. तुम्ही गाव सोडून, म्हणजे हे गाव सोडून, टेम्पोत सामान भरत होता, तेव्हा मी दोऱ्या बांधू लागलो. मिनल मला म्हणाली, ‘काका, सॉरी.’ मी म्हटलं, ‘असू दे.’ या अडीच वर्षांत मी जे काही केलं त्यात ते ‘असू दे’ सगळ्यात वाईट आहे. रस्त्याकडची टेप, माझं कोपर, हे सगळं त्याच्या मागून आलं.

आज सकाळी मारुतरावांना आणि प्रीतमला गच्चीवर बोलावून सांगितलं. मारुतराव म्हणाले, ‘न्हाई रं, तू न्हाई.’ मी टोपण कुठं ठेवलं ती जागा दाखवली. मग ते जिना उतरून गेले. काल विजयश्री बाईंना त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी दारातच ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘मी त्या मुलीला वर्गात उभं करून विचारलं होतं, सूचना नीट वाचली होतीस का.’ आणि दार लावून घेतलं. शाळांतून आता कुणी बोलावणार नाही. उद्या कंपनीत सांगतो. शमीम बरोबर येते म्हणाली, गेटपर्यंत.

रविवारी आठ तारखेला मी उदगीरला येतोय. दारात उभं करायचं नसेल तर एसटी स्टँडवर बसेन. पोलिसात जायचं असेल तर बरोबर चालेन. माफी मागत नाही. मागितली की तुम्हाला ती द्यायची का नाही असा विचार करत बसावं लागेल, आणि तुमच्याकडं आधीच पुष्कळ आहे.

मिनल, आता आईला चुलीपासून उठव आणि बाबांच्या जवळ बसव. माझी लाज राखायला एकही शब्द गाळू नकोस. वाचताना बाबांना तुझं तोंड दिसणार नाही, म्हणून आवाज मोठा ठेव.

मी, रहिमान बाबूलाल शिकलगार, राहणार चिखली, हे लिहून देतो. कोंडीराम सोनकांबळे यांचा डोळा माझ्यामुळं गेला. टोपण वाऱ्यानं उडालं नाही. ते मी काढलं. मिनल कोंडीराम सोनकांबळे हिनं ते चारही बाजूंनी इतकं पक्कं लावलं होतं की ओढून निघेना. शेवटी मला खिशातलं ब्लेड काढून चारही टेपा कापाव्या लागल्या.

रहिमान